हाड!

आमच्या घरात कुत्रा आणायचा ठराव पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा चिरंजीव सहावीत होते. तो मंजूर झाला तेव्हा ते नववीत गेले होते. मधल्या काळात तो मी तीन कारणांनी फेटाळत आलो. पहिलं कारण, नाशिकचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दुसरं कारण, कुत्र्याला खर्च फार. तिसरं कारण, आई. पहिली दोन कारणं मी बोलून दाखवत असे. तिसरं कारण स्वतःच बोलत असे.

"आजी, दत्ताच्या पायाशी चार-चार कुत्री असतात," कन्येनं एकदा बिनतोड मुद्दा काढला.

"असतात ना. चित्रात असतात. चित्रातली कुत्री गाद्या फाडत नाहीत."

"आणि धर्मराजानं तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला होता!"

"मग स्वर्गात न्या म्हणावं. माझ्या स्वयंपाकघरात नाही."

मग बँकेनं माझी बदली हरसूलला केली आणि पहिलं कारण आपोआप कोसळलं. हरसूल म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पश्चिमेकडचं टोक. नाशिकहून निघायचं, गिरणारे मागे टाकायचं, वाघेऱ्याचा घाट चढायचा-उतरायचा, आणि आता गुजरातच लागणार असं वाटायला लागलं की हरसूल येतं. आसपास कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर मंडळींचे पाडे. शेतात भात, नागली, वरई. आणि पाऊस! आमच्याकडे पावसाळा हा ऋतू नसतो, मुक्काम असतो. भाड्यानं घर मिळालं ते कौलारू, पुढे अंगण, मागे परस. त्या अंगणाकडे बघून चिरंजीवांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शाळा बदलण्याची नुकसानभरपाई म्हणून त्यानं कुत्रा मागितला, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला नुकसानभरपाईचा दावा नाकारता येत नाही.

जात कोणती, यावर फारशी चर्चा झाली नाही. चिरंजीवांच्या वहीत 'लॅब्रॅडॉर' या विषयावर चार पानं तयार होती. ती त्यानं मला रात्री जेवणानंतर वाचून दाखवली. लॅब्रॅडॉर हा मुळात लॅब्रॅडॉरचा नाहीच, तो शेजारच्या न्यूफाउंडलंडचा. तिथं तो कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उतरून जाळी ओढायचा. पुढे इंग्रज उमरावांनी त्याला विलायतेत नेऊन वाढवला आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबानं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याच्या बोटांना बदकासारखे पडदे असतात, अंगावर केसांचे दोन थर असतात. शिवाय आपल्या मुंबई पोलिसांचा जंजीर. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं नाकानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून काढलं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. आणि सीझर, ज्यानं २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात जीव धोक्यात घालून स्फोटकं हुंगली. दोघंही लॅब्रॅडॉर!

एवढं ऐकल्यावर मला गप्प बसणं भाग होतं. मी स्वतः बत्तीस वर्षांच्या नोकरीत हरवलेलं एक व्हाउचर शोधू शकलेलो नाही.

वहीचं शेवटचं पान 'पिल्लू कसं निवडावं' या विषयावर होतं. त्यात लिहिलं होतं : १) पिल्लाची आई बघावी. तिचा स्वभाव तो पिल्लाचा स्वभाव. २) आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये, २०१७च्या नियमांप्रमाणे विकताही येत नाही. ३) लसीचं कार्ड बघावं, तारीख आणि डॉक्टरांची सही तपासावी. ४) अंगावर झेप घेणारं पिल्लू नको आणि कोपऱ्यात बसणारंही नको, मधलं घ्यावं. ५) आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांचे फोटो काढलेत का, हे विचारावं, या जातीत तो रोग असतो.

हे पान घरीच राहिलं. म्हणजे चिरंजीवांची शाळा होती, म्हणून खरेदीला मी एकटा गेलो. वाचकहो, माझ्यासारख्या माणसाला एकट्यानं खरेदीला पाठवू नये, हे आमच्या सौभाग्यवतींचं मत मी पंचवीस वर्षं खोडून काढत होतो. त्या दिवशी ते कायमचं सिद्ध झालं.

नाशिकमध्ये एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे पिल्लं होती. त्यानं विचारलं, "पेपरवाला पाहिजे की बिनपेपरचा?"

मला वाटलं, पिल्लू पेपरवर शी करायला शिकवलेलं आहे का, असं विचारतोय. मी म्हटलं, "पेपर आमच्याकडे येतो." मग कळलं की पेपर म्हणजे वंशावळ. पेपरवाल्या पिल्लाचा भाव बिनपेपरच्या दुप्पट. माझ्या स्वतःच्या वंशावळीत आजोबांच्या पलीकडे कुणाचं नाव सापडत नाही आणि माझं काही अडलेलं नाही, असा विचार करून मी बिनपेपरचं म्हटलं. तिथून घासाघीस सुरू झाली. पिल्लांची आई कुठंय, असं मी विचारलं. ती फार्मवर आहे, असं उत्तर मिळालं. वय? "पंचेचाळीस दिवस." लस? "झालीय साहेब, कार्ड पाठवतो मागाहून." कर्ज देताना मी तारणाचा कागद मागाहून घेतो का? नाही घेत. पण इथं मी दोन हजार रुपये कमी करून घेतले होते आणि त्या विजयात मश्गूल होतो.

टोपलीत चार पिल्लं होती. तीन एकमेकांचे कान ओढत होती. चौथं बाजूला शांत बसून शून्यात बघत होतं. मला वाटलं, हा विचारवंत आहे. आईला असंच शांत कुत्रं चालेल. मी तेच उचललं.

घरी पोचलो तर दारात अख्खं घर उभं. त्यात आईही, पण ती "मी बघायला नाही, वाळवण काढायला आले" असं सांगून. आषाढ लागला होता. वाळवण कसलं काढणार? पिल्लाचं नाव चिरंजीवांनी 'सीझर' ठेवलं. आईच्या जिभेवर ते 'शिजर' झालं, तेही क्वचित. एरवी ती त्याला एकाच शब्दानं संबोधायची : "हाड!" सकाळी हाड, दुपारी हाड, देवघराच्या उंबऱ्यापाशी तर त्रिवार हाड. परिणाम असा झाला की तीन दिवसांत त्या पिल्लाला आपलं नाव 'हाड' आहे असं वाटू लागलं. आम्ही "सीझर, सीझर" करून घसा कोरडा केला तरी ते ढिम्म. आईनं "हाड!" म्हटलं की शेपटी हलवत तिच्या पायाशी हजर.

तो अंगणातच राहील, ही आईची अट होती. ती शेजारच्या बाबांनी मोडली. बाबा म्हणजे सत्तरीचे, चार शेरड्या आणि काळी नावाची गावठी कुत्री बाळगून असलेले. ते म्हणाले, "रातच्याला आत घ्या साहेब. बिबट्या येतो. त्याला कुत्रं लई आवडतं." बिबट्या आमच्या जिल्ह्यात सर्वत्र आहे आणि कुत्री उचलून नेतो, यात अतिशयोक्ती नाही. आई काही बोलली नाही. संध्याकाळी पडवीत एक जुनं पोतं घातलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी पोत्यावर गोधडी आली.

बँकेत बातमी पसरली. बाजाराच्या दिवशी पैसे काढायला आलेली माणसं पैसे मोजायच्या आधी पिल्लाची चौकशी करू लागली.

"साहेब, राखण करतं का?"

"नाही हो. ही जात चोरालाही शेपटी हलवते."

"मग ससे-बिसे धरतं?"

"छे."

"मग करतं काय?"

"प्रेम करतं," मी म्हणालो. काउंटरपलीकडच्या माणसानं माझ्याकडे, मग हातातल्या स्लिपकडे पाहिलं आणि पैसे दोनदा मोजून घेतले.

काळीला तेव्हा तीन पिल्लं होती. आमचा विचारवंत त्यांच्यात मात्र रमायचा. दिवसभर कुंपणातल्या फटीतून चौघांची ये-जा चाले. काळी आमच्या पिल्लालाही चाटून काढायची. गावठी आणि विलायती हा भेद तिला कुणी सांगितलेला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं दूध घेतलं नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी जुलाबातून रक्त पडलं आणि तो उठेनासा झाला. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बघितलं, एक इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "लसीचं कार्ड?"

मी गप्प.

"हा पार्व्हो दिसतोय. नाशिकला न्या. आत्ता न्या."

पार्व्हो हा आतड्यांचा विषाणू. १९७८च्या सुमारास तो जगभर पसरला आणि तेव्हापासून लस न घेतलेल्या पिल्लांचा काळ आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस टोचायची, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत. मधेच थांबायचं नाही, कारण आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण कधी संपतं ते कुणाला दिसत नाही, आणि ते असेपर्यंत लस लागू पडत नाही. हे सगळं मला त्या रात्री कळलं. चिरंजीवांच्या वहीत तिसऱ्या क्रमांकावर ते आधीच होतं.

पाऊस असा कोसळत होता की घाटात गाडीचे वायपर शरण आले. पिल्लू कुणाच्या मांडीवर घ्यायचं, असा विचार करायला वेळच मिळाला नाही, कारण मी गाडी काढेपर्यंत आई मागच्या सीटवर बसलेली होती. मांडीवर तिची पंढरपुरी शाल, शालीत पिल्लू. ज्या बाईनं तीन वर्षं कुत्र्याचा वारासुद्धा लागू दिला नव्हता, तिच्या लुगड्यावर रक्त आणि उलटी होती, आणि ती रामरक्षा म्हणत होती. मध्ये एकदा थांबून तिनं विचारलं, "किती वाचवलेस रे?"

"काय?"

"पैसे. घासाघीस करून."

"दोन हजार."

पुढे गिरणाऱ्यापर्यंत ती रामरक्षेशिवाय काही बोलली नाही. मला वाटतं, आयुष्यात मला एवढं मोठ्यानं कुणी रागावलेलं नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, दात बघितले आणि म्हणाले, "याला पंचेचाळीस दिवस कुणी सांगितले? हा पाच आठवड्यांचाही नाही." पार्व्होवर थेट औषध नाही. शिरेतून सलाईन द्यायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषधं द्यायची, आणि पिल्लाच्या अंगातल्या ताकदीवर भरवसा ठेवायचा. पाच दिवस आम्ही मेव्हणीकडे राहिलो. पाच दिवस आई दवाखान्याच्या बाकावर बसून होती. सलाईनची नळी लावलेला तो एवढासा पंजा ती दोन बोटांत धरायची. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "पाणी प्यायला." सहाव्या दिवशी त्यानं दवाखान्यातल्या बाईंचा रुमाल खाल्ला. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता बरा आहे."

बिल झालं अठरा हजार. म्हणजे मी दोन हजार वाचवले ते असे.

हे सगळं हसत सांगता येतं, कारण सीझर वाचला. पण हरसूलला परत आलो तेव्हा काळीच्या मागे दोनच पिल्लं होती.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं की हा विषाणू मातीत महिनोन् महिने राहतो, आजूबाजूच्या कुत्र्यांना सांभाळा. मी बाबांकडे गेलो. काय बोलायचं ते मनात जुळवून गेलो होतो. त्यातलं निम्मंच बोलता आलं. बाबा शेरडीला पाला घालत होते. ते म्हणाले, "तुमचं पिल्लू आजारी पडलं तर गाडी नाशिकला गेली साहेब. आमचं पडलं तर आम्हाला वाटलं, पावसानं गेलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी मी ब्लीचिंग पावडर कालवून आमचं अंगण आणि त्यांचा ओटा धुऊन काढला. डॉक्टरांना विनंती करून लशी बर्फात घालून आणल्या. काळीला आणि तिच्या दोन पिल्लांना टोचल्या, आणि आळीतल्या पकडता आल्या तेवढ्या कुत्र्यांना रेबीजची लसही. पकडायचं काम चिरंजीवांच्या वर्गानं केलं. त्यात सात कुत्री, एक मांजर आणि चुकून एक शेरडू धरून आणण्यात आलं. बाबांनी खिशात हात घालून "किती झाले?" असं विचारलं. मी म्हटलं, "बाबा, हे माझ्या खात्यावर आहे." ते खातं अजून बंद झालेलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

त्यानंतरचं सीझरचं बालपण म्हणजे आमच्या घराची मोडतोड. लॅब्रॅडॉरला आधी दुधाचे अठ्ठावीस दात येतात. चौथ्या महिन्यापासून ते पडतात आणि बेचाळीस नवे येतात. या स्थित्यंतरात त्याला काहीतरी चावायला लागतं. त्यानं माझ्या चपला चावल्या. पण प्रत्येक जोडातली एकच. त्यामुळे तक्रार करायला आणि चालायला, दोन्हीला मी अर्धवटच राहिलो. शी-शूचं शिक्षण देताना झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्यायचं, बाहेर केली की शाबासकी द्यायची आणि घरात केली तर ओरडायचं नाही, असा नियम असतो. हरसूलच्या श्रावणात दर दोन तासांनी छत्री घेऊन बाहेर उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा तो वंशज मात्र डबक्यात मध्यभागी बसून माझ्याकडे दयेनं बघायचा. घरात येऊन अंग झाडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पाऊस पडायचा.

आणि खाणं! केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की या जातीतल्या साधारण चारांपैकी एका कुत्र्यात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे अन्नावरची वासना फार वाढते. आमचा त्या चारांतला एक आहेच. उरलेल्या तिघांचाही वाटा तोच खातो. जंजीरनं आरडीएक्स शोधलं. आमच्या सीझरनं सौ.नी गव्हाच्या कोठीत, पिशवीत, डब्यात लपवलेले शेंगदाण्याचे लाडू शोधले.

त्यात पथ्यं कुठली, तर कांदा नको, द्राक्षं नकोत, बेदाणे नकोत, चॉकलेट नको. ही सगळी कुत्र्याला विषासमान. नाशिक जिल्ह्यात राहायचं आणि कांदा-द्राक्षं वर्ज्य करायची, म्हणजे कोकणात राहून नारळाला शिवायचं नाही! पाहुणे येताना द्राक्षांची पेटी आणतात आणि आई ती दारातच अडवते. "आमच्याकडे पथ्य आहे," असं सांगते. कुणाला, ते सांगत नाही. पाहुणे माझ्याकडे सहानुभूतीनं बघतात.

आता तो दोन वर्षांचा आहे. सकाळी आई त्याला घेऊन फिरायला निघते. म्हणजे साखळीचं एक टोक आईच्या हातात असतं, एवढंच म्हणता येईल. गुडघ्यांसाठी रोज चालायला हवं, असं मी तिला वर्षानुवर्षं सांगत होतो. तेव्हा तिचे गुडघे दुखायचे. कुंपणापाशी काळी आणि तिची दोन वाढलेली पोरं त्यांना सामील होतात. चार कुत्री आणि मध्ये आई, अशी ती मिरवणूक वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कन्या बघत असते. "आजी दत्तासारखी दिसते," असं ती मला हळूच सांगते; आजीला सांगायची तिची छाती नाही.

सीझरचं वजन छत्तीस किलोंवर गेल्यामुळे डॉक्टरांनी तूप बंद केलं आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. नामदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल : कुत्रं भाकरी घेऊन पळालं, आणि कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आमच्याकडे क्रम उलटा आहे. तुपाची वाटी पदराखाली घेऊन आई पुढे पळते, आणि नागलीच्या भाकरीच्या आशेनं सीझर मागे.

परसात पोचल्यावर ती इकडेतिकडे बघते, मी दिसत नाही याची खात्री करून घेते, आणि अगदी हलक्या, लाडिक आवाजात त्याला हाक मारते :

"हाड, बाळा, हाड!"